खाली बसवलेली गाडी आणि मोठी चाके : टायरवाल्या बांधवांसाठी मापांचा धडा

मोटारीच्या धंद्यात आपल्या समाजाचे हात पुष्कळ आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्याच्या नाना पेठेत सुट्या भागांची दुकाने आहेत, आणि गावोगावी नाक्यानाक्यावर टायर-पंक्चरच्या टपऱ्या आहेत. ‘पंक्चरवाला’ हा शब्द हल्ली टोमणा म्हणून फेकला जातो. फेकणाऱ्यांनी खुशाल फेकावा. पण ताशी शंभरच्या वेगाने पळणारी गाडी रस्त्याला टेकते ती तळहाताएवढ्या चार ठिपक्यांवर, आणि ते ठिपके आपल्या कारागिराने बसवलेले असतात. या कामाला हलके समजू नये. आणि ते हलक्या हाताने करूही नये.

या धंद्यात पैसा आता पंक्चरमध्ये फारसा उरला नाही. ट्यूबलेस टायर आले, रस्ते बदलले. पैसा आहे तो अलॉय चाके, रुंद टायर, अलाइनमेंट, बॅलन्सिंग यांत. तरुण गिऱ्हाईक येते, कुठेतरी स्प्रिंग कापून गाडी खाली बसवून आणलेली असते, आणि ते म्हणते, “भाई, हिला सतरा इंची टाका.” पुष्कळ ठिकाणी चाक लावून पाहतात, मडगार्डला लागले नाही तर पैसे घेऊन मोकळे होतात. उभ्या गाडीला न लागणारे चाक पाच माणसे बसून खड्ड्यात गेले की लागते. टायरची बाजू मडगार्डच्या काठावर घासत राहते आणि एक दिवस महामार्गावर फाटते. म्हणून आज हा हिशोब सविस्तर मांडत आहोत.

टायरचा हिशोब

टायरवर १८५/६५ आर १५ असे लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा बाजूची उंची, रुंदीच्या टक्क्यांत. शेवटचा आकडा डिस्कचा व्यास, इंचांत. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५ मिमी. ही बाजू वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट करावी : २४०.५. पंधरा इंच म्हणजे ३८१ मिमी. बेरीज ६२१.५ मिमी. हा चाकाचा पूर्ण व्यास. डिस्क मोठी केली तर टायरची बाजू तितकी कमी करायची आणि हा व्यास होता तेवढाच राखायचा, हे या कामाचे मूळ सूत्र आहे. १९५/५५ आर १६ चा व्यास येतो ६२०.९, म्हणजे फरक नाहीच. २०५/४५ आर १७ चा ६१६.३, म्हणजे एक टक्क्याच्या आत. पण १६ इंची डिस्कवर कोणी २१५/५५ चढवला तर व्यास ६४२.९ होतो, साडेतीन टक्के वाढतो, आणि चाक वरच्या बाजूला जवळजवळ ११ मिमी जास्त जागा मागते.

कंपनी स्वतः हाच हिशोब करते. मारुतीच्या २०१८ च्या स्विफ्टला स्वस्त प्रकारात १६५/८० आर १४ आणि वरच्या प्रकारात १८५/६५ आर १५ टायर दिले गेले. पहिल्याचा व्यास ६१९.६ येतो, दुसऱ्याचा ६२१.५. चाक एक इंच मोठे, पण व्यासात फरक २ मिमीचा. दुकानात कागदावर हा गुणाकार करायला दोन मिनिटे लागतात. ज्या मुलाला सातवीपर्यंतचे गणित येते त्याला तो येतो.

व्यास चुकला की स्पीडोमीटर चुकतो. मोठ्या चाकावर काटा १०० दाखवतो तेव्हा गाडी १०३ ने जात असते. लहान चाकाचे उलट. इथे भाड्याची गाडी चालवणाऱ्या बांधवांसाठी एक गोष्ट सांगून ठेवतो. १८५/६५ च्या जागी त्याच डिस्कवर १८५/६० टायर बसवला तर व्यास तीन टक्क्यांनी घटतो. दर किलोमीटरला भाडे घेणारी गाडी मग १०० किलोमीटर जाऊन १०३ दाखवते, आणि उतारू न केलेल्या तीन किलोमीटरचे पैसे देतो. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात मारणाऱ्यांचा धिक्कार आहे. तराजू फक्त किराण्याच्या दुकानात असतो असे कोणी समजू नये; टायरसुद्धा माप आहे.

व्यासाइतकाच भारांकही पाहावा. टायरवर मापापुढे ८८, ८४ असा आकडा असतो. ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलो पेलायचे, ८४ म्हणजे ५००. मूळ टायर ८८ चा असेल आणि २०५/४५ आर १७ चा साधा ८४ बसवला, तर चार चाकांवर मिळून २४० किलोची ताकद आपण काढून घेतली. त्याच मापात ८८ चा जादा भाराचा टायर मिळतो, त्याच्यावर एक्सएल लिहिलेले असते. तो घ्यावा, आणि त्याला हवा थोडी जास्त लागते हेही गिऱ्हाइकाला सांगावे.

डिस्क : भोके, रुंदी आणि ऑफसेट

चार भोके जुळली म्हणजे डिस्क जुळली, ही समजूत धोक्याची आहे. स्विफ्टला आणि होंडा सिटीला दोन्हीकडे चार भोके, १०० मिमीच्या वर्तुळावर. पण मधले भोक स्विफ्टचे ५४.१ मिमी आणि सिटीचे ५६.१. सिटीची डिस्क स्विफ्टला लागते, पण हबवर सैल बसते आणि गाडी वेगात थरथरते. त्यासाठी दोन मिमीचा फरक भरून काढणारी मधली रिंग मिळते, ती टाकावीच. स्विफ्टच्या स्टडचे आटे १.२५ चे, होंडाचे १.५ चे. चुकीचा नट पान्ह्याने दाबून चढवला की स्टड गेला. नटाची बैठकही पाहावी : होंडाच्या मूळ डिस्कला गोल बैठकीचा नट, बाजारातल्या बहुतेक अलॉयला शंकूसारखा. एकाचा दुसऱ्याला लावला तर नट कडेवर टेकतो आणि चालता चालता ढिला होतो.

आता ऑफसेट. डिस्क जिथे हबला टेकते ती जागा डिस्कच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, ते मिलिमीटरमध्ये डिस्कच्या आत कोरलेले असते, ईटी ४५, ईटी ३५ असे. आकडा जितका कमी, चाक तितके बाहेर. समजा मूळ डिस्क सहा इंच रुंद, ईटी ४५, आणि नवी सात इंच, ईटी ३५. रुंदी २५.४ मिमी वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला १२.७. ऑफसेट १० ने कमी झाला, म्हणजे सगळे चाक १० मिमी बाहेर सरकले. बाहेरची कड १२.७ अधिक १०, एकूण २२.७ मिमी मडगार्डकडे गेली; आतली फक्त २.७ मिमी शॉकअपकडे. नवी डिस्क खरेदी करण्याआधी हे दोन आकडे काढावेत आणि मडगार्डला हाताने मोजून पाहावे. डिस्क आणून मग स्पेसर टाकत बसणे म्हणजे एका चुकीवर दुसरी. स्पेसरमुळे नटाला आटे कमी मिळतात. १२ मिमीच्या स्टडवर निदान १२ मिमी आटे धरले पाहिजेत, म्हणजे १.५ च्या आट्याचे आठ फेरे. बोटांनी मोजता येतात.

गाडी खाली बसली की काय बदलते

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. चाक कमानीत जास्तीत जास्त किती वर जाईल, हे स्प्रिंगवर नसून बंप स्टॉपवर ठरते. गाडी ४० मिमी खाली बसवली तरी ती शेवटची जागा तीच राहते. फरक इतकाच की आधी मोठ्या खड्ड्यातच चाक तिथवर जायचे, आता रोज दहा वेळा जाते. जो घासा महिन्यातून एकदा लागायचा तो रोजचा होतो. आणि कोणी प्रवास आरामाचा व्हावा म्हणून बंप स्टॉपही कापला असेल, तर चाक आधी कधीच न गेलेल्या जागी जाते. म्हणून खाली बसवलेली गाडी आली की पहिले काम, शॉकअपचा रबरी बूट वर करून बंप स्टॉप पूर्ण आहे की कापलेला हे पाहणे.

दुसरे काम स्प्रिंग पाहणे. सहा वेढ्यांची स्प्रिंग एक वेढा कापून पाचाची केली की ती वीस टक्के कडक होते. ते एक वेळ चालेल. पण कापलेली स्प्रिंग गाडी उचलल्यावर बैठकीत सैल होते, आणि उसळीत जागेवरून सरकू शकते. सर्वात वाईट म्हणजे गॅसच्या ज्वाळेने तापवून बसवलेली स्प्रिंग. तिचे पाणी उतरलेले असते. ती कधी बसेल आणि कधी तुटेल याचा भरवसा नाही. अशा गाडीवर मोठी चाके चढवण्याचे काम, आमच्या मते, सरळ नाकारावे. आधी शॉकअपला जुळणारी तयार स्प्रिंग टाकून आण, मग चाके लावू, असे सांगावे. गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल. जाऊ द्यावे, रोजी देणारा वेगळा आहे.

खरी तपासणी अशी. गाडी स्टँडवर पक्की उभी करावी, नुसत्या जॅकवर मुळीच नाही. पुढच्या एका बाजूची कॉइल स्प्रिंग काढावी आणि शॉकअप बंप स्टॉपसकट परत बसवावा. नवे चाक लावावे. खालच्या आर्मखाली जॅक देऊन चाक बंप स्टॉप दबेपर्यंत वर न्यावे. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. मडगार्डच्या काठावर, लाइनरवर आणि ब्रेकच्या रबरी नळीजवळ कणकेचे गोळे चिकटवून ठेवावेत. गोळा जितका दबला त्यावरून उरलेली जागा कळते. शॉकअप आणि चाक एकत्रच वरखाली होतात, म्हणून त्यांच्यातली फट करंगळीपेक्षा कमी असली तरी चालते. पण मडगार्ड आणि चाक यांच्यातली फट हलती असते, तिथे अंतर जास्त ठेवावे, कारण खरा खड्डा जॅकपेक्षा जोरात मारतो आणि बंप स्टॉप आणखी दाबतो. मागची बाजूही अशीच स्प्रिंग काढून पाहावी. या कामाला अर्धा दिवस लागतो. त्याची मजुरी वेगळी सांगून घ्यावी, लाजू नये.

काठ लागत असेल तर तो आत वळवता येतो, पण गरम हवेच्या गनने रंग मऊ करून, हळूहळू. थंड पत्रा ठोकला की रंगाला चिरा जातात आणि पावसाळ्यात तिथून गंज चढतो. काम झाल्यावर अलाइनमेंट आवश्यकच आहे. खाली बसलेल्या गाडीची पुढची चाके आत कलतात आणि टायरची आतली कड दिसत नाही अशी झिजते.

एक आकडा गिऱ्हाइकाला सुरुवातीलाच सांगावा. स्विफ्टची जमिनीपासून उंची १६३ मिमी. ४० ने खाली केली की उरते १२३, तीही रिकाम्या गाडीची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाने गतिरोधक १०० मिमी उंच असतो, आणि आपल्याकडे नियमाने बांधलेला गतिरोधक किती ठिकाणी दिसतो? त्यात टायरची बाजू १२० वरून ९२ मिमी झाली, म्हणजे खड्ड्याचा मार डिस्कला आणखी लवकर पोहोचणार.

कायदा आणि जुना माल

नोंदणी पुस्तकात लिहिलेल्या मूळ बनावटीपेक्षा गाडीत फरक करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने मालकाला दर बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठरवली. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेले माप हा म्हणून सर्वात बिनघोर मार्ग. विमा कंपनीला बदल कळवलेला नसेल तर अपघातानंतर क्लेमचा वाद उभा राहतो, तेही गिऱ्हाइकाच्या कानावर घालावे.

बाजारात जुन्या अलॉय चाकांची उलाढाल मोठी आहे. चीर गेलेली डिस्क वेल्डिंग करून, वर रंग मारून नव्यासारखी विकली जाते. जुन्या टायरला काळे पॉलिश लावून ‘कमी चाललेला’ म्हणतात, पण बाजूवरचे चार आकडे खोटे बोलत नाहीत : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या आणि ओले धान्य लोकांना दिसेल असे वर ठेवायला सांगणाऱ्या पैगंबरांची (स.) आपण उम्मत आहोत. रंगाखालची चीर ही तीच ओल आहे. जुना माल विकणे हलाल आहे. दोष सांगून विकावा, आणि वेल्डिंग केलेली डिस्क तर चाक म्हणून विकूच नये, भंगारात द्यावी.

बिलावर टायरचे माप, भारांक, डिस्कची रुंदी आणि ईटी, अलाइनमेंटची तारीख हे सर्व लिहावे आणि एक प्रत स्वतःकडे ठेवावी. नट टॉर्क पान्ह्याने, गाडीच्या पुस्तकातील आकड्याप्रमाणे आवळावेत, आणि शंभर किलोमीटरनंतर गाडी परत बोलवून पुन्हा तपासावेत, फुकट. मूळ नट पिशवीत घालून डिकीत ठेवायला द्यावेत. नव्या अलॉयचे नट लोखंडी स्टेपनीला बसतीलच असे नाही, आणि रात्री घाटात ते कळून उपयोग नसतो.