निकाल आले, आता पुढे काय लिहायचं?

मित्रांनो, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये आपण 'चर्चा' आणि 'निष्कर्ष' या दोन चॅप्टर्सची सर्रास खिचडी करतो. लातूर जिल्ह्याचंच उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपाने दगडी घरं कोसळली, हजारो माणसं गेली. हा झाला निकाल. का कोसळली? जाड भिंती, सांध्यात नुसती माती, वर माळवदाचं ओझं. ही झाली चर्चा. निष्कर्षात नवा मुद्दा घुसडायचा नाही, चर्चेतून निघेल तेवढंच लिहायचं. 'दगड वाईट' असं त्यातून निघत नाही. 'भिंतीच्या दोन्ही बाजू जोडणारे लांब दगड घाला, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा' हे निघतं. नीट लिहा, कारण ते वाचून कुणीतरी घर बांधणार आहे.