सोळा आकड्यांची चोरी

वाण्याच्या वहीत नाव लिहून माल नेण्याला आपण मराठीत उधारी म्हणतो, आपले कन्नड बांधव उद्री म्हणतात. नीट कान दिला तर दोन्ही शब्दांचे नाते लपत नाही. या उधारीच्या मागे जी अदृश्य वस्तू उभी असते तिचे नाव पत. शहापुरातला जुना दुकानदार गिऱ्हाइकाला तोंडाने ओळखतो, त्याच्या वडिलांनाही ओळखत असतो, आणि तेवढ्यावर महिन्याचा माल देतो. क्रेडिट कार्डाच्या व्यवहारात ही तोंडओळख संपली. दुकान परदेशात, गिऱ्हाईक टिळकवाडीत, आणि दोघांच्या मध्ये फक्त सोळा आकडे. ते आकडे ज्याच्या हाती लागतील तो त्या घटकेपुरता 'तुम्ही' होतो. प्रस्तुत लेखात या चोरीचे स्वरूप, ती झाल्यावर करावयाचे उपाय आणि आपल्या पतीचे रक्षण यांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम आमच्याच स्टाफरूममधील एक हकीकत सांगतो. आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना एका शनिवारी पहाटे मोबाइलवर दोन संदेश आले. पहिला शंभरेक रुपयांचा, दुसरा सदतीस हजारांचा. दोन्ही परकीय चलनातल्या खरेदीचे. सर त्या वेळी झोपलेले, कार्ड खुंटीवरच्या शर्टाच्या खिशात. सकाळी त्यांचा पहिला प्रश्न असा : "ओ.टी.पी. तर मला आलाच नाही, मग पैसे गेले कसे?"

प्रश्न रास्त आहे, आणि पुष्कळांची समजूत इथेच चुकते. इंटरनेटवर कार्डाने पैसे देताना दुसरी खूण पटवून घेतली पाहिजे, हे बंधन रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून घातले. ओ.टी.पी. हा त्याचाच अवतार. परंतु परदेशातील कित्येक दुकाने तो न विचारताच कार्डाचा क्रमांक, मुदत आणि पाठीमागचे तीन आकडे यांवर माल देतात. चोर मूर्ख नसतो. ज्या घराला कडी नाही तिथेच तो जातो.

आता हे आकडे चोराला मिळतात कसे? गणिताच्या विद्यार्थ्यांना यात थोडी मौज वाटेल. कार्डावरील सोळा आकडे स्वैर नसतात. सुरुवातीचे सहा (नव्या पद्धतीत आठ) आकडे कार्ड देणाऱ्या बँकेचे, मधले खातेदाराचे, आणि अगदी शेवटचा आकडा केवळ तपासणीसाठी. आय.बी.एम. कंपनीतील हान्स पीटर लून यांनी १९५४ साली या तपासणीच्या रीतीसाठी पेटंटचा अर्ज केला. ते १९६० साली मंजूर झाले. रीत सोपी आहे. उजवीकडून मोजत एक सोडून एक आकडा दुप्पट करायचा, दुप्पट नवाच्या वर गेली तर त्यातून नऊ वजा करायचे, आणि सगळ्यांची बेरीज करायची. बेरजेला दहाने पूर्ण भाग गेला तर क्रमांक ग्राह्य. ४१११ ११११ ११११ ११११ हा चाचणीसाठी वापरला जाणारा क्रमांक घ्या. त्यामागे कोणाचे खाते नाही. पहिल्या चाराचे आठ होतात, सात एकांचे दोन-दोन म्हणजे चौदा, उरलेले आठ एक तसेच. आठ, चौदा आणि आठ मिळून तीस. तीसाला दहाने भाग जातो. एक आकडा चुकवून पाहा, भाग जाणार नाही. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरीही चूक पकडली जाते. अपवाद फक्त शून्य आणि नऊ या जोडीचा. तो का, हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांनी स्वतः सोडवून पाहावे.

लूनसाहेबांचा हेतू कारकुनाच्या हातून होणारी चूक पकडण्याचा होता, चोर पकडण्याचा नव्हता. ज्याला बँकेचे आकडे ठाऊक आहेत तो या रीतीनेच हजारो ग्राह्य क्रमांक घरबसल्या तयार करू शकतो. राहता राहिली मुदत आणि तीन आकडे. कार्ड पाच वर्षांचे धरले तर मुदतीचे साठ महिने. पाठीमागच्या तीन आकड्यांचे हजार पर्याय. एकाच दुकानात इतके प्रयत्न केले तर दार बंद होईल, पण तेच प्रयत्न अनेक दुकानांत वाटून केले तर? न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली हेच प्रयोगाने दाखवून दिले होते. म्हणजे कार्ड हरवले नाही, कोणाला दाखवले नाही, तरी आकडे फुटू शकतात. आमच्या सरांना आलेला पहिला शंभराचा संदेश ही चोराची चाचणी होती. कार्ड चालते की नाही हे तो आधी लहान रकमेवर पाहतो. लहान अनोळखी रकमेकडे दुर्लक्ष करू नये ते याचसाठी.

दुसरी वाट घाऊक चोरीची. ऑक्टोबर २०१६ मध्ये भारतातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांचा तपशील फुटल्याचे उघड झाले, ए.टी.एम.चे व्यवहार सांभाळणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत घातक आज्ञावली शिरली होती. बँकांना लाखो कार्डे बदलावी लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर तर असा घाला पडला की, नकली कार्डे वापरून काही तासांत अनेक देशांतील ए.टी.एम.मधून पैसे काढले गेले, आणि सारे मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. यांत खातेदाराचा दोष काय? काहीच नाही. आणि नियमही तेच म्हणतो.

६ जुलै २०१७ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढले. सहकारी बँकांसाठी तसेच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघाले. वाणिज्य शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते एकदा मुळातून वाचावे असे मला वाटते. त्याचा गाभा असा. दोष बँकेचा असेल तर ग्राहकाने एक पैही सोसायची नाही, त्याने कळवले असो वा नसो. दोष बँकेचा नाही, ग्राहकाचाही नाही, मधल्या कोणाचा तरी आहे, अशा वेळी बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले तर जबाबदारीला मर्यादा : पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डावर दर व्यवहाराला जास्तीत जास्त १०,००० रुपये, त्यावरच्या कार्डावर २५,०००. सात दिवसांनंतर बँकेचे धोरण जे म्हणेल ते. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, ग्राहकावर नाही. रिझर्व्ह बँक अशा नियमांत फेरफार करीत असते. म्हणून आकडे पाठ करण्यापेक्षा आपल्या बँकेचे चालू धोरण मागून घ्यावे. घाई करावी हे तत्त्व मात्र बदलणारे नाही.

आमच्या सरांनी नेमकी घाई केली नाही. दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारी शाखेत गेले. तिथल्या कारकुनाने "हेल्पलाइनला फोन करा" असे सांगून वाटेला लावले. सरांना वाटले, आपण तक्रार केली. वास्तविक ना कार्ड बंद झाले होते, ना तक्रारीचा क्रमांक मिळाला होता. सोमवारी रात्री आणखी बारा हजार गेले. मंगळवारी स्टाफरूममध्ये ही कथा ऐकल्यावर आम्ही दोघांनी त्यांना तिथेच बसवून कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन लावला. आधी कार्ड बंद केले, मग तिन्ही व्यवहारांची तक्रार नोंदवली, क्रमांक लिहून घेतला, आणि तोच मजकूर ई-मेलनेही पाठवला. सर खचून गेले होते. शनिवारपासून चार दिवस झाले, आता दहा हजारांना मुकलो, असा त्यांचा हिशेब. परंतु नियमात दिवस मोजताना सूचना मिळाल्याचा दिवस सोडून द्यायचा असतो आणि शाखेचे कामकाजाचे दिवसच धरायचे असतात. त्यामुळे मंगळवार हा दुसराच दिवस ठरला. नियमाप्रमाणे दहा कामकाजाच्या दिवसांत रक्कम तात्पुरती जमा झाली, पुढे ती कायम झाली. सर्व तक्रारीचा निकाल नव्वद दिवसांत लागला पाहिजे असेही बंधन आहे.

दरम्यान बिल आले. सरांनी चिडून "एक पैसाही भरणार नाही" असे ठरवले होते. हे करू नये. वादातील रक्कम वगळून बाकीची आपली खरेदी मुदतीत भरलीच पाहिजे. फसवणूक म्हणून तक्रार केलेल्या रकमेवर, निकाल लागेपर्यंत, बँकेने व्याज वा दंड लावू नये असे २०२२ च्या क्रेडिट कार्डविषयक निर्देशांत सांगितले आहे. पण तुमच्या स्वतःच्या धान्याच्या पैशांना ती सवलत नाही.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. पैसे दुसऱ्याच्या खात्यात वळले असतील तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. पैसे पुढे सरकण्यापूर्वी ते अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. कर्नाटकात जिल्ह्यागणिक असलेले सी.ई.एन. पोलीस ठाणे यासाठीच आहे. दुसऱ्याची ओळख चोरून वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ सी कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. ग्राहकाने स्वतःच ओ.टी.पी. किंवा पिन सांगितला, तर २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. आपल्या भागात अशी समजूत आहे की, फसवणारा फोन तुटक्या हिंदीतच येतो. तसे नाही. आमच्या एका माजी विद्यार्थ्याला आलेल्या फोनवरचा माणूस घरच्यासारखी बेळगावी मराठी बोलत होता, "काय हो, बरं हाय न्हवं?" असे विचारून त्याने सुरुवात केली. त्या विद्यार्थ्याला एक रुपयाही परत मिळाला नाही.

प्रतिबंधाचे उपाय थोडे आणि बिनखर्चाचे आहेत. ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक कार्डावर परदेशी, ऑनलाइन आणि स्पर्शाने होणारे व्यवहार बंद-चालू करण्याची सोय बँकांना द्यावी लागते. ज्याला परदेशातून काही घ्यायचे नाही त्याने ती खिडकी बंद ठेवावी. आमच्या सरांनी ती कधीकाळी एका पुस्तकासाठी उघडली होती आणि तशीच राहिली होती. सारी हकीकत एवढ्यावरूनच घडली.

आता पतीविषयी. तुमच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चार संस्था भारतात आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. त्या ३०० ते ९०० यांच्या दरम्यान एक गुणांक देतात. कर्ज देणारा मॅनेजर तुमच्याकडे पाहण्याआधी त्याच्याकडे पाहतो. या चौघींकडूनही वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मागता येतो, आणि तो मागावा.

आमच्या अंतिम वर्षाच्या एका विद्यार्थ्याला एम.बी.ए.साठी शैक्षणिक कर्ज हवे होते. अर्ज नामंजूर झाला. मॅनेजर कानडी, मुलगा मराठी, म्हणून असे झाले, असे त्याच्या मित्रांनी ठरवूनही टाकले. सीमाभागात प्रत्येक नकाराला हे कारण चिकटवण्याची आपल्याला सवय आहे. मॅनेजरनेच त्याला अहवाल काढायला सांगितले. त्यात त्याने कधीही न घेतलेले सहा हजारांचे ॲप-कर्ज थकलेले होते. नोकरीच्या एका जाहिरातीला त्याने पॅन कार्डाची झेरॉक्स आणि फोटो पाठवले होते, त्यांवर कोणीतरी हात मारला होता. झेरॉक्सवर 'अमुक कामासाठी, अमुक तारखेस' असे आडवे लिहून सही करण्याची जुनी रीत त्याला कोणी शिकवली नव्हती.

त्याने पोलिसांत तक्रार दिली, तिची प्रत जोडून नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे आणि कर्ज देणाऱ्या कंपनीकडे एकाच दिवशी हरकत नोंदवली. २०२३ च्या आदेशाप्रमाणे अशा हरकतीचा निकाल तीस दिवसांत लागला पाहिजे, न लागल्यास पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. नोंद अठ्ठाविसाव्या दिवशी निघाली आणि मॅनेजरने त्याच आठवड्यात नवा अर्ज घेतला. प्रवेशाची मुदत मात्र त्याआधीच संपली होती. पहिल्या सत्राची फी त्याच्या मामांनी भरली.