मागणे

नाताळ आला की वाशीममधील ख्रिस्ती घरांवर कागदी तारे झळकू लागतात. तेथील मूल नाताळबाबाकडे खेळणे मागते. शेजारचे मूल दिवाळीला नवा सदरा मागते. यात वावगे काही नाही. परंतु खेळणे मोडते, सदरा विरतो. मग मोठेपणी माणसाने देवाजवळ काय मागावे?

इ. स. १२९० मध्ये नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. तेव्हा ज्ञानेश्वर अवघे १५ वर्षांचे होते, असे परंपरा सांगते. समाजाने त्यांच्या कुटुंबास वाळीत टाकले होते. तरीही ग्रंथाच्या शेवटी पसायदान मागताना त्यांनी कोणाचा नाश इच्छिला नाही. दुष्टांचा दुष्टपणा तेवढा जावा आणि सर्व जीवांत मैत्री नांदावी, असे त्यांनी मागितले.

स्वतःसाठी मागणारे मूल सर्वांसाठी मागू लागले, म्हणजे ते खरोखर मोठे झाले.