शेणखत विकताय? आधी खड्ड्यातला गेंड्या भुंगा ओळखा

शेणखताच्या व्यवसायावरच्या व्हिडिओत हा मुद्दा घाईत उरकला, म्हणून इथे नीट लिहितोय.

समजा, तुम्ही कोकणात शेणखत पिशव्या भरून विकता. तुमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे नारळाच्या बागा. बागायतदाराने पिशवी ओतली आणि आतून अंगठ्याएवढी जाड, पांढरी, वाकडी अळी निघाली. तो म्हणतो, "हुमणी दिलीत." तुम्ही म्हणता, "शेणखतात किडे असायचेच." झालं, गिऱ्हाईक तुटलं!

ती अळी बहुतेक वेळा हुमणीची नसते, गेंड्या भुंग्याची असते. हुमणी शेतात जिवंत मुळं खाते. गेंड्या भुंग्याची अळी कुजणारं शेण, पालापाचोळा, माडाचं सडकं खोड यावर जगते. म्हणजे ती स्वतः माडाला काहीच करत नाही. मग बागायतदार घाबरतो कशाला? कारण तिचा पुढे भुंगा होतो, आणि भुंगा माड खातो.

भुंगा काय करतो?
काळपट, साधारण ४ सेंमी लांब, डोक्यावर शिंग. दिवसा लपतो, रात्री उडतो. माडाच्या शेंड्यात शिरून न उघडलेला कोवळा कोंब कुरतडतो. ते पान उघडलं की कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात. छिद्राच्या तोंडाशी चावलेला चोथा असतो. रोप लहान असेल तर मरूही शकतं. मोठ्या झाडाच्या जखमेत सोंड्या भुंगा अंडी घालतो, त्याच्या अळ्या माड आतून पोखरतात. म्हणजे तुमच्या एका पिशवीपायी समोरच्याचं वर्षानुवर्षं फळ देणारं झाड जाऊ शकतं.

त्याचं वेळापत्रक पाठ करा
- अंडं : साधारण ८ ते १२ दिवस
- अळी : साधारण ३ महिने, कधी त्याहून बरीच जास्त
- कोष : ३ ते ४ आठवडे

मादी अंडी घालायला माडावर जात नाही, तुमच्या खड्ड्यात येते. म्हणजे अंड्यापासून कोषापर्यंतचे सगळे महिने तो तुमच्या ताब्यात असतो. एकदा उडाला की बागायतदाराला प्रत्येक माडावर चढून तारेच्या आकड्याने काढावा लागतो. कुणाचं काम सोपं आहे, तुम्हीच सांगा.

मग करायचं काय?
१. दर दोन महिन्यांनी अख्खा खड्डा उलथा. अळीला साधारण तीन महिने लागतात, त्यामुळे भुंगा होण्याआधीच ती हाती लागू शकते. अळ्या वेचून मारा किंवा कोंबड्या सोडा, त्या आवडीने खातात.
२. खड्ड्यावर मजबूत, बारीक जाळी बांधा आणि कडा दाबा. मादी आतच जाऊ नये.
३. मेटारायझियम ही हिरवी बुरशी अळीला रोग लावते. ती ओलसर खतात मिसळा, पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणातच.
४. आवारात माडाची सडकी खोडं पडू देऊ नका. तिथेही तोच पाळणा हलतो!
५. भरण्याआधी खत चाळा. पिशवीवर शेवटचं कधी उलथलं ती तारीख लिहा.

रत्नागिरीजवळ भाट्ये इथे कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे. जवळ असाल तर एकदा जाऊन या.

आता हिशोब बघा. खड्डा उलथायला मजुरी लागते, मान्य. पण "चाळलेलं, अळी नसलेलं खत" असं छातीठोक सांगता आलं, तर दोन रुपये जास्त मागताना जीभ अडखळणार नाही. आणि गिऱ्हाईकाने भुंग्याबद्दल विचारलं, तर त्याला आधी माडाचा शेंडा बघायला सांगा. जो विक्रेता झाडाची काळजी करतो, त्याच्याकडे माणूस पुढच्या पावसाळ्याआधी परत येतो.

आज काम एकच : फावडं घ्या, आपला खड्डा हातभर खोदा आणि किती अळ्या निघाल्या ते कमेंटमध्ये लिहा.