कच्ची वही की पक्की?

आमच्या गल्लीतल्या भिशीच्या हिशेबासाठी मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. त्याच्या चाचण्या पायटेस्टवर चालतात. वह्या दोन: खोट्या नोंदींची कच्ची आणि खरी पक्की. चाचणी कोणत्या वहीवर, म्हणजे कोणत्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालवायची, हे मी फाईल उघडून बदलत असे. एकदा विसरलो, आणि खोटे हप्ते पक्क्या वहीत शिरले. ते निवडून काढण्यात रात्र गेली. (भिशीवाल्या काकूंना अजून ठाऊक नाही.)

उपाय सोपा आहे. मूळ फोल्डरमधल्या कॉन्फटेस्ट फाईलमध्ये पायटेस्टला 'एन्व्ह' हा नवा पर्याय नोंदवून द्यायचा. मग आज्ञा देतानाच दोन आडव्या रेघा, 'एन्व्ह' आणि वहीचे नाव लिहिले की झाले.

खरी मेख पुढे आहे. नाव लिहिलेच नाही तर कोणती वही? 'डिफॉल्ट' म्हणून कच्चीच द्यावी. शिवाय मी प्रथम 'कच्ची असेल तर कच्ची, नाहीतर पक्की' असे लिहिले होते. म्हणजे स्पेलिंग चुकले की पक्कीच उघडणार! 'चॉइसेस'मध्ये दोनच नावे दिल्यापासून तिसरे काही लिहिले, तर पायटेस्ट चूक दाखवून थांबते; एकही चाचणी चालत नाही.