घट बसले की घर हलत नाही

अगं, काल रात्री फोनवर तू रडलीस ना, तेव्हा मी मुद्दामच फार बोलले नाही. म्हटलं, रडून घेऊ दे. रात्री अकरा वाजता कायदा कुणाच्या डोक्यात शिरत नाही. माझ्या तर सकाळी अकरालाही शिरत नाही. आता चहा घेऊन बस आणि नीट ऐक.

तुझं काय झालंय ते माझ्या शब्दांत सांगते, चुकलं तर थांबव. साठेखत झालं, कर्ज मंजूर झालं, येत्या गुरुवारी खरेदीखत. भाड्याच्या घराची नोटीस देऊन झालीये, महिनाअखेरीला तिथून निघायचंय. आणि काल घर विकणारे ते काका म्हणाले, "तुम्ही रजिस्ट्रेशन उरकून घ्या हो, आम्ही महिनाभर राहतो आणि मग किल्ली देतोच की." तू म्हणालीस, "बघते काका." बरं केलंस. "हो" म्हणाली नाहीस, इथेच तू माझ्यापेक्षा शहाणी ठरलीस.

आम्ही घर घेतलं तेव्हा विकणाऱ्या काकूंना मी "सावकाश होऊ दे हो काकू" म्हणाले होते. वर त्यांनी दिलेले दडपे पोहे दोनदा मागून खाल्ले होते. तो "सावकाश" मला किती महागात पडला ते तुला पूर्ण कधी सांगितलंच नाही, लाज वाटायची.

आमचं खरेदीखत झालं आषाढात. पे ऑर्डर त्यांच्या हातात, पेढे आमच्या हातात. किल्ली आठ दिवसांनी, असं तोंडी ठरलं. आठव्या दिवशी काकू म्हणाल्या, आषाढात कुणी घर बदलतं का गं? पटलं मला. श्रावण लागला, तर या घरातला शेवटचा सत्यनारायण करून निघतो म्हणाले. मग गणपती. इतकी वर्षं त्याच कोनाड्यात बसतात, या वर्षी कुठे नेणार? तेही पटलं. कहर म्हणजे त्यांनी आम्हाला आरतीला बोलावलं, आणि आम्ही गेलो! स्वतःच्या घराची बेल वाजवून, चपला बाहेर काढून, एकवीस मोदक घेऊन पाहुण्यांसारखे गेलो. आरती झाल्यावर काका म्हणाले, "घर तुमचंच आहे, बसा निवांत." खरं सांगू का, तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

मग पितृपक्ष. त्यात तर कुणी काही बोलायची सोय नाही. आणि पितृपक्ष संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फोन केला तर पलीकडून घंटेचा आवाज. घट बसले होते! एकदा घट बसले की नऊ दिवस हलवायचे नसतात, हे मीच कुणाला सांगणार? टेम्पो लागला तो दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आषाढ ते दसरा, मोज तूच.

तोवर आम्ही तिघं दिराच्या हॉलमध्ये, सोबत अकरा खोकी. हप्ता सुरू, सोसायटीचा मेंटेनन्स आमच्या नावावर आणि जाऊबाईंच्या फ्रिजमध्ये मला मिळालेला एक कप्पा. नाती सणावारी कळत नाहीत गं, सकाळी साडेसातला बाथरूमपाशी कळतात.

शेवटी मी एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी आमचं खरेदीखत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ताई, तुमच्या कागदाप्रमाणे तर तुम्हाला ताबा मिळालाय." बघ, छापील मसुद्यात ते वाक्य असतंच: आज रोजी मिळकतीचा प्रत्यक्ष ताबा खरेदीदारास दिला आहे. मी त्याच्याखाली सही केली होती. वाचलंच नव्हतं, कारण दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात टोकन नंबर पुकारला गेला आणि मी घाबरून जिथे पेन टेकवायला सांगितलं तिथे टेकवत गेले. म्हणून पहिलं काम, आजच वकिलाकडून खरेदीखताचा मसुदा मागव आणि ताब्याचं वाक्य शोध. ताबा मिळाला नसेल तर मिळाला असं लिहायचं नाही. कुणीही "ते सगळ्यांचंच असतं हो" म्हणालं तरी नाही. एजंट तर म्हणेलच, त्याची दलाली रजिस्ट्रेशनला मिळते, किल्लीला नाही.

दुसरं, साठेखत बाहेर काढ. ताब्याची तारीख कुठल्या कलमात आहे आणि ती चुकली तर काय, हे लिहिलंय का बघ. तारीख असेल तर महिनाभर राहू द्यायचं की नाही हे तू ठरवायचंस. काकांनी विनंती केलीये, हुकूम नाही. तू फोनवर अशी बोलत होतीस, जणू त्यांचंच घर आहे आणि तू जागा मागायला गेलीयेस.

आता करायचं काय? सगळ्यात सरळ उपाय म्हणजे गुरुवार पुढे ढकल. घर रिकामं झालं की खरेदीखत. शेवटचा रुपया आणि किल्ली एकाच टेबलावर, एकाच वेळी. फक्त बँकेच्या मंजुरीपत्राची मुदत कधी संपते ते आधी विचार आणि तुमच्या घरमालकांकडून पंधरा दिवस वाढवून मिळतात का ते बघ. संकोच करू नकोस, नवीन भाडेकरू आला नसेल तर त्यांनाही भाडं हवंच असतं.

पण मला वाटतं, त्या काकांना तुझे पैसे मिळाल्याशिवाय त्यांच्या नव्या घराचा ताबा मिळणार नसेल. असं फार वेळा असतं, एकाची किल्ली दुसऱ्याच्या चेकवर अडलेली. तसं असेल तर खरेदीखत गुरुवारीच कर, पण त्यांना तुझ्या घरात कागदावर राहू दे. रीतसर लीव्ह अँड लायसन्स करार. वकीलबाईंनी मला त्याची कलमं सांगितली होती, ती मी हिशेबाच्या वहीत दुधाच्या खाड्यांखाली लिहून ठेवलीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदवलेला हवा. कलम २४ प्रमाणे मुदत संपूनही राहिले तर ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई, आणि घर सोडवून घ्यायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, दिवाणी दाव्याच्या लांब रांगेत उभं राहावं लागत नाही. खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, शहरात नोंदणी फी १,००० रुपये, आणि आधार दाखवून, अंगठा देऊन घरबसल्या ऑनलाइन होतं. बँकेच्या कानावर मात्र घाल. आणि बघ, असं केलं की खरेदीखतातलं ते ताब्याचं वाक्यही खोटं राहत नाही. ताबा तुला मिळाला, तू एक महिन्यासाठी त्यांना राहायला दिलंस. आतली माणसं तीच, पण मालकीणबाई कोण हे कागदाला कळतं.

शुल्क किती लावायचं? "वडीलधाऱ्या माणसांकडून पैसे कसे मागू?" हे वाक्य तुझ्या ओठांवर आलंय, मला दिसतंय. म्हणून मीच हिशेब करून ठेवलाय. तुझं कर्ज ५० लाख, २० वर्षं, ८.५ टक्के, हप्ता येतो साधारण ४३,४०० रुपये. तुमचं भाडं २४,०००. दोन्ही एकदम चालू राहिले तर महिन्याला ६७,४००, म्हणजे दिवसाला जवळजवळ २,२५०. रोज. तू भाजीवाल्याशी दहा रुपयांच्या कोथिंबिरीवरून भांडतेस आणि इथे रोजचे सव्वादोन हजार संकोचापोटी सोडणार? निदान तुझं भाडं निघेल एवढं शुल्क घे, आणि मुदतीनंतरचा दर करारात स्पष्ट लिही. पण रागाच्या भरात दिवसाला पंचवीस हजार वगैरे लिहू नकोस. दंड म्हणून कितीही आकडा टाकला तरी कोर्ट त्या मर्यादेत वाजवी वाटेल तेवढंच देतं, करार कायद्याचं कलम ७४. आपला खरा तोटा दाखवणारा आकडा टिकतो.

आणखी एक वाट म्हणजे काही रक्कम ताब्यापर्यंत मागे ठेवायची. बँकेची पे ऑर्डर पूर्ण जाते, तेव्हा ती तुझ्या स्वतःच्या पैशांतून ठेवावी लागेल, आणि खरेदीखतात तसं स्पष्ट लिहावं लागेल. बँकेला हे चालेल का, ते आधी विचार. दोन-चार लाख अडकलेले असले ना, की मुहूर्त लवकर सापडतात.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. उद्या ते तरीही निघाले नाहीत, तर भाऊजींना घेऊन कुलूप तोडायला जायचं नाही, आणि लाइट-पाणीही बंद करायचं नाही. माझ्या नवऱ्याने नवरात्रात हातोडी काढली होती, म्हणून सांगते. मी ती पिठाच्या डब्यात लपवली, अजून तिला गव्हाचा वास येतो. कायद्याच्या मार्गाने न जाता कुणाला घराबाहेर काढलं, तर तो माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हे बघतच नाहीत. आपलं घर असून आपणच आरोपी! त्यापेक्षा वकिलाची नोटीस पाठवायची, तारीख घालून. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा, त्याच्या कलम ५५ प्रमाणे विकणाऱ्याने मागणी झाल्यावर ताबा द्यायलाच हवा. आम्ही नोटीस पाठवली तर काकू चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी काका टेम्पोवाल्याचा नंबर मागायला आले.

पण टेम्पो नोटिशीमुळे हलला नाही, हेही सांगते.

बघ, मी शेवटी चिडून भांडायलाच गेले होते. काकूंनी दार उघडलं, आत बघितलं तर अख्खा हॉल भांड्यांनी भरलेला. माळ्यावरून काढलेली तांब्याची घंगाळं, लोणच्याच्या बरण्या, मुलांची बाबागाडी, लग्नात आलेले स्टीलचे डबे, त्यातले निम्मे अजून कागदात. मुलगा परदेशात, मुलगी बाळंतपणाला टेकलेली, काकांची कंबर धरलेली. नवं घर एका खोलीने लहान. बाई त्या पसाऱ्याच्या मधोमध बसून रडत होती. मुहूर्त वगैरे काही नव्हतं गं, माळा होता. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे ठरवता येत नव्हतं, आणि ते बोलायची लाज वाटत होती, म्हणून आषाढ, श्रावण, पितर.

मी पदर खोचला. दोन रविवार जुन्या वर्तमानपत्रांत भांडी बांधली. तीन बरण्या मला मिळाल्या, त्यातल्या एकीत आता तुझं आवडतं लिंबाचं लोणचं असतं. हेच काम मी आषाढात केलं असतं तर! म्हणून आज संध्याकाळी तू तुला घर विकणाऱ्या काकांना फोन करू नकोस. काकूंना भेट. विचार, "काकू, नक्की अडलंय कुठे?" नवं घर तयार नाही, पैसे अडलेत, की माणूस मिळत नाही? पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवू नकोस, स्वयंपाकघरात जाऊन दुसऱ्यांदा विचार. मदत कर, पॅकर्सचा नंबर दे, जमलं तर खोकी ने. आणि करारावर सही मात्र घेच. माया करायला कुणी अडवलं नाहीये, पण ती कागदाला जोडून कर.

घर रिकामं बघायला खरेदीखताच्या किंवा ताब्याच्या आदल्या दिवशी जायचं आणि माळ्यावर स्वतः चढायचं. पंखे, गीझर, पडद्यांचे रॉड, पाण्याचा फिल्टर, यातलं काय राहणार ते आधीच लिहून घे. आमच्या मंडळींनी कपडे वाळत घालायच्या दोऱ्यासुद्धा सोडून नेल्या, आणि मागे ठेवलं काय, तर मोडका शिवणयंत्राचा स्टँड. लाइट बिल, गॅस, मालमत्ता कर, सोसायटीची थकबाकी, सगळ्याच्या शेवटच्या पावत्या हातात घे. किल्ल्या मोजून घे: दार, जाळीचं दार, टपालपेटी, पार्किंग. आणि ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिही.

खरेदीखत गुरुवारीच ठरलं, तर साडेदहाला मी निबंधकांच्या कार्यालयात येतेच. आधार, पॅन, फोटो तू आण, मसुद्याची छापील प्रत मी आणते, ताब्याच्या वाक्याला लाल पेनने खूण करून. तिथे सर्व्हर बंद पडला की तीन वाजतात, म्हणून पोळीभाजीचा डबाही मीच आणीन. तू फक्त येताना एक नवीन कुलूप घेऊन ये, पितळी नको, त्याची किल्ली अडकते. आणि काकूंनी दडपे पोहे दिले तर खा खुशाल, पण सही झाल्यावर.