रक्ताचा दाब सगळीकडे सारखा नसतो

माझ्या आजीला बी.पी. आहे. नर्सबाई दंडाला पट्टा बांधून मोजतात. १२० - ८० आलं की चांगलं, असं त्या म्हणतात. हा दाब धमनीतला असतो. धमनी म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी नळी. तिची भिंत जाड असते, कारण हृदयाचा प्रत्येक ठोका तिला सोसावा लागतो.

आमच्या मळ्यात मोटार चालू केली की पाइपाच्या तोंडाशी पाणी धो धो पडतं, वाफ्यात जाईपर्यंत संथ होतं. रक्ताचंही तसंच आहे. धमन्या बारीक होत जातात, तिथंच दाब सगळ्यात जास्त उतरतो. पुढं केसाहून बारीक केशवाहिन्या लागतात. तिथं तो ३५ ते १५ राहतो. नंतर शिरा. हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत तर जवळजवळ शून्य!

मग पायातलं रक्त वर कसं चढतं? पायाच्या शिरांत झडपा असतात. चालताना पोटरी शिरेला दाबते, रक्त वर सरकतं आणि झडप त्याला माघारी येऊ देत नाही. म्हणून मी आजीला फार वेळ बसू देत नाही. ती रागावते.

जखमेतनं रक्ताची चिळकांडी उडाली तर धमनी कापली असं समजावं. संथ वाहिलं तर शीर. चिळकांडी उडाली की स्वच्छ फडकं जखमेवर घट्ट दाबून धरावं, सोडू नये, आणि लगेच दवाखान्यात न्यावं.